फोड आणि घट्टा: महिनोन्‌महिने दुखणारा खांदा कामाने कसा बरा होतो

दिवाळीच्या आधी दोन दिवस मी घराची साफसफाई काढली. माळ्यावरचे डबे उतरवले, पंखे पुसले, छताची जळमटं काढली. दोन्ही दिवस हात डोक्याच्या वर. तिसऱ्या दिवशी उजवा खांदा असा धरला की अंबाडा घालायला हात मागे जाईना. तेल चोळलं, शेकलं, मलमं लावली. पंधरा दिवसांत बरं वाटेल अशी अपेक्षा होती. मे महिना उजाडला तरी दोरीवर चादर टाकताना खांद्यापासून दंडापर्यंत चमक निघतच होती.

या सहा महिन्यांत एक गोष्ट मी मनापासून केली होती. हात जपला होता. पिशवी डाव्या हातात, कुकर डाव्या हाताने, रिक्षात चढताना आधार डाव्या हाताचा. ज्याला त्याला विचारलं की उत्तर एकच यायचं, ‘आराम दे.’ मग एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘आता आराम पुरे, हाताला काम द्या.’ माझा गोंधळ उडाला. दुखतंय म्हणून काम थांबवायचं, की काम थांबवलंय म्हणून दुखतंय?

हा गोंधळ फार घरांत आहे. म्हणून तीन महिन्यांहून जुन्या झालेल्या हात-खांद्याच्या दुखण्याबद्दल हे लिहिते आहे. कालपरवा लागलेल्या माराबद्दल नाही, त्याचे नियम वेगळे.

## बशीवर ठेवलेला चेंडू

खुब्याचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा आणि ज्या खोबणीत तो टेकतो ती लहान नि उथळ, चहाच्या बशीवर चेंडू ठेवावा तशी. म्हणूनच तर हात एवढा चहूकडे फिरतो. झाडावरचा आंबा काढता येतो, पाठीमागे वेणी घालता येते. पण चेंडू बशीवरून घसरू न देण्याचं काम इथे हाडं करत नाहीत, स्नायू करतात. पुढून, वरून आणि मागून असे चार छोटे स्नायू त्या गोळ्याला कवेत घेतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. हात उचलताना दंडावरचा मोठा स्नायू गोळ्याला वर खेचतो आणि हे चार छोटे त्याला बशीच्या मधोमध दाबून धरतात.

बशीसुद्धा एका जागी नसते. ती पाठीवरच्या खांद्याच्या पात्याचा भाग आहे आणि ते पातं हाताबरोबर सरकतं. म्हणून खांद्याचं दुखणं खांद्यापुरतं क्वचितच राहतं. मान आखडते, पाठ अवघडते, दंड ठणकतो.

## कालव्याच्या टेलचं शेत

स्नायू बहुतेक ठिकाणी हाडाला थेट चिकटत नाही. त्याच्या टोकाला पांढरट, चिवट दोरी असते, तिला टेंडन म्हणतात. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे शेजारी शेजारी बसून ती बनते, काथ्याच्या दोरासारखी. जुनाट दुखण्यात बहुतेक वेळा हीच दोरी बिघडलेली असते.

स्नायू लवकर भरून येतो, कारण त्याला रक्त भरपूर मिळतं. कालव्याच्या तोंडाशी असलेलं शेत जसं हिरवंगार, तसा. टेंडन म्हणजे टेलचं, कालव्याच्या शेवटच्या टोकाचं शेत. पाणी पोचतं, पण थोडं आणि उशिरा. तिथली डागडुजीही त्याच वेगाने चालते. स्नायूची लचक तीन आठवड्यांत विसरली जाते आणि खांदा वर्षभर बोलत राहतो, याचं एक मोठं कारण हे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण समजतो की दुखतंय म्हणजे आत सूज आहे, सूज उतरली की बरं होईल. पण जुनाट दुखण्यातलं टेंडन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सुजेच्या पेशी फार थोड्या दिसतात. दिसतात ते विस्कटलेले धागे, पीळ सुटलेल्या दोरासारखे. सुजेच्या गोळीने चार दिवस आराम पडतो, पण पीळ परत बसत नाही. तो बसवायला दोर ताणला जावा लागतो, कारण नवा धागा कोणत्या दिशेने टाकायचा हे तिथल्या पेशींना ताणावरूनच कळतं. ताण नसेल तर धागे कसेही पडतात.

## एकच दोर, दोन तळवे

हे सगळं मला कळलं ते कोकणात, आत्याच्या विहिरीवर.

मे महिन्यात कुडाळजवळच्या गावी गेले होते. अंगणात विहीर, विहिरीवर रहाट. पहिल्याच दिवशी उत्साहाने पाचसहा कळशा ओढल्या. रात्री खांदा असा ठणकला की कूस बदलता येईना, आणि उजव्या तळव्यावर अनामिकेच्या बुडाशी पाणी भरलेला फोड आला. आत्या आज सत्तरीची आहे. तिच्या तळव्यावर नेमक्या त्याच जागी पिवळसर, गुळगुळीत घट्टा आहे. तिने माझा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाली, ‘अर्धीच ओढ गो. पाणी खंय पळान जाता?’

तोच दोर, तीच जागा. माझ्या हाताला फोड आला आणि तिच्या हाताला घट्टा. तळव्याला झेपेल त्याहून जास्त घासलं गेलं की कातडी सोलवटते. झेपेल तेवढंच, पण पुन्हा पुन्हा घासलं गेलं की कातडी जाड होते. टेंडनचं गणित असंच आहे, फक्त ते आत असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. दिवाळीच्या साफसफाईत मी खांद्याला आतून फोड आणला होता. नंतर सहा महिने हाताला कामच दिलं नाही, म्हणून घट्टा पडायची संधीच मिळाली नाही.

जुनाट टेंडनला वजन देऊन बरं करायची पद्धत नावारूपाला आली ती स्वीडनमध्ये. उमेओ इथले हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली टाचेच्या मागच्या टेंडनने त्रस्त असलेल्या १५ धावपटूंना वजन घेऊन टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम १२ आठवडे दिला. रोज दोन वेळा, दुखलं तरी. ते सगळे पुन्हा धावू लागले. १५ माणसं म्हणजे फार लहान प्रयोग, आणि तोही टाचेचा. पण त्याने विचारांची दिशा बदलली. खांद्यावरचा नमुना २०१२ चा आहे, तोही स्वीडनचाच. शस्त्रक्रियेच्या यादीत नाव असलेल्या सुमारे शंभर रुग्णांचे दोन गट केले. एकाला रोटेटर कफ आणि पाठीवरच्या पात्याचे स्नायू टप्प्याटप्प्याने बळकट करणारा व्यायाम, दुसऱ्याला मान-खांद्याच्या साध्या हालचाली. तीन महिन्यांनी साध्या हालचालींच्या गटातल्या ६३ टक्के लोकांना शस्त्रक्रिया हवी होती. वजनाच्या गटात फक्त २० टक्के लोकांना.

## विश्रांती वाईट नाही, लांबलेली विश्रांती वाईट

पहिले काही दिवस हात जपणं योग्यच आहे. पण शरीर फार काटकसरी आहे, न वापरलेली गोष्ट ते पोसत नाही. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांचा एक पाय प्लास्टरमध्ये ठेवला. पाचच दिवसांत मांडीच्या स्नायूची ताकद ९ टक्क्यांनी घटली, चौदा दिवसांत जवळजवळ २३ टक्क्यांनी. हे धडधाकट तरुणांचं. माझा पन्नाशीतला खांदा सहा महिने घडी घालून ठेवला होता. त्या काळात बशीवरचा चेंडू सावरणारे चौघे आणखी दुबळे झाले, म्हणून आधी जी कामं सहज व्हायची तीही जड वाटू लागली. दुखतं म्हणून वापर कमी, वापर कमी म्हणून ताकद कमी, ताकद कमी म्हणून आणखी दुखतं. या फेऱ्यात मी होते आणि मला वाटत होतं की मी काळजी घेते आहे.

बर्फाचंही थोडं असंच झालं. आराम, बर्फ, पट्टी बांधणं आणि हात-पाय उंच ठेवणं हा सल्ला १९७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी रूढ केला. त्यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. स्वतःचं म्हणणं असं जाहीरपणे दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

## मग काम किती करायचं?

बिघडतं ते इथेच. ‘आराम नको’ ऐकल्यावर लोक थेट उलट्या टोकाला जातात, मीही गेले होते.

आत्याने दुसऱ्या दिवशी मला कळशी दिलीच नाही. तीन लिटरचा पत्र्याचा डबा दोराला बांधून दिला. एका लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे हे तीन किलो आणि वर डब्याचं थोडंसं. दहा डबे ओढायचे आणि थांबायचं. दोर डोक्याच्या वर न पकडता छातीपाशी पकडायचा आणि कमरेपर्यंत आणायचा, एक हात सोडून दुसरा. डबा परत खाली सोडतानासुद्धा दोर भसकन सोडायचा नाही, सावकाश. हे सावकाश सोडणंही महत्त्वाचं असतं, कारण तेव्हा स्नायू लांब होत होत भार पेलत असतो. पुढच्या आठवड्यात पंधरा डबे. मग अर्धी कळशी, पण पुन्हा दहाच वेळा. वजन, आकडा आणि हाताची उंची या तिन्हींतली एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आत्याने हे कुठे वाचलेलं नव्हतं. नंतर डोंबिवलीत फिजिओथेरपिस्टने शब्द वेगळे वापरून हेच सांगितलं.

दुखणं मोजायची एक पट्टी मात्र फिजिओथेरपिस्टकडून शिकले. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. काम करताना दुखणं पाचपर्यंत गेलं तरी टेंडनचं नुकसान होत नाही असं धरतात. मी स्वतः तीन-चारवर थांबायचे. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर खांदा कालच्या सकाळइतकाच असेल तर मात्रा बरोबर. जास्त दुखत असेल तर मात्रा जास्त झाली, पुढच्या वेळी कमी करायची. काम बंद नाही करायचं.

एक दिवस मध्ये सोडायचा. याचंही कारण आहे. डेन्मार्कमधल्या संशोधनातून असं दिसलं आहे की जोरकस कामानंतर पहिला दीड दिवस टेंडनमध्ये धागे तुटण्याचा वेग बनण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. त्यानंतर बनण्याचा वेग पुढे जातो आणि तीन दिवसांपर्यंत तसा राहतो. रोज तेवढंच जड काम केलं तर आपण सतत तुटण्याच्या काळातच राहतो. म्हणून आठवड्यातून तीन दिवस ओढायचं, बाकीच्या दिवशी हलकी हालचाल.

विहीर सगळ्यांकडे नाही. पाण्याची बाटली आणि बादली सगळ्यांकडे आहे. कोपर अंगाला चिकटवून, ९० अंशात वाकवून रबरी पट्टा बाहेरच्या दिशेला ताणणं, भिंतीला हात टेकून अंग पुढे-मागे करणं, खुर्चीवर एक हात टेकून दुसऱ्या हाताने भरलेली बाटली कमरेपर्यंत ओढणं. घरातली कामंही चालतात. पाट्यावर वाटताना दोन्ही खांदे पुढे ढकलतात, कणीक मळताना तेच. कोपर दुखत असेल तर मात्र कपडे पिळताना सांभाळून.

भार अंगाजवळ ठेवायचा. एकाच बाटलीचं वजन कोपर अंगाला लागून असताना किरकोळ वाटतं आणि हात समोर ताठ केला की खांद्याला कितीतरी पटीने जड पडतं. बायका भरलेली कळशी कमरेवर का घेतात, याचं उत्तर यातच आहे. सुरुवातीचे दोन महिने खांद्याच्या वरची कामं टाळायची आणि मग तीही परत आणायचीच. कायमची सोडून दिली तर चादर वाळत घालणं कधीच परत येणार नाही.

## कामाने खांदा बरा होतो, तर राबणाऱ्यांचे खांदे का दुखतात?

हा प्रश्न मला माझ्याकडे काम करणाऱ्या ताईंनी विचारला आणि तो अगदी रास्त आहे. रंगारी, इस्त्रीवाले, ऊसतोड करणारी जोडपी, हमाल, चार घरची भांडी-फरशी करणाऱ्या बाया. यांच्याइतकं काम कोण करतं?

उत्तर मात्रेतच आहे. त्यांना ती ठरवता येत नाही. मुकादमाने उचल दिलेली असते, गाडी भरायची असते, खाडा केला तर पैसे कापले जातात. खांद्याला हवा तो मधला दिवस मिळत नाही, आणि एकच हालचाल हजारदा होते. घट्टा पडायच्या आतच त्यावर नवा फोड येतो. अशा माणसाला ‘आणखी व्यायाम करा’ सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला आधी ओझ्यात कपात हवी. शक्य तिथे हात बदलणं, उंचावरच्या कामासाठी स्टूल घेणं, दोन खेपांऐवजी तीन हलक्या खेपा, सलग एकच काम न करता मध्ये दुसरं. ताईंनी ओल्या चादरींचं बोचकं एका हाताने उचलणं सोडलं आणि फरशी दोन्ही हातांनी आलटून पालटून पुसायला सुरुवात केली. मी बादली अर्धीच भरायला सांगितली आणि वेळ जास्त लागला तर लागू दे म्हटलं. एवढं करणं काम देणाऱ्याच्या हातात असतं.

## एमआरआयमध्ये ‘फाटलंय’ असं आलं आहे, मग हात हलवू कसा?

रिपोर्टमधला ‘टेअर’ हा शब्द वाचून माणूस हबकतो. पण १९९५ साली अमेरिकेत ज्यांना खांद्याची कसलीच तक्रार नव्हती अशा ९६ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा ३४ टक्के लोकांच्या रोटेटर कफमध्ये फाट दिसली. साठीच्या पुढच्यांत तर निम्म्याहून जास्त. त्यांना काहीच दुखत नव्हतं. वयाबरोबर केस पांढरे होतात तसे टेंडनचे काही धागेही उसवतात. रिपोर्टमधली फाट हीच दुखण्याचं कारण असेल असं नाही.

हाड घासून जागा मोकळी करणाऱ्या शस्त्रक्रियेबद्दलही असंच झालं. ब्रिटनमध्ये तीनशेहून जास्त रुग्णांवर तपासणी झाली. काहींची खरी शस्त्रक्रिया केली, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली, काहींना काहीच केलं नाही. खरी आणि लुटुपुटूची यांत रुग्णाला जाणवेल असा फरक आढळला नाही. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने नेमलेल्या गटाने या दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये असं स्पष्ट सांगितलं. पडून, झटका बसून टेंडन पूर्ण तुटलं असेल तर गोष्ट निराळी. तिथे वेळ न घालवता हाडांच्या सर्जनकडे जायला हवं.

## इंजेक्शन घेऊन मोकळं का होऊ नये?

स्टेरॉइडचं इंजेक्शन दुखणं झपाट्याने उतरवतं, आणि ज्याला रात्रभर झोप नाही त्याला त्याची गरज पडू शकते. पण ऑस्ट्रेलियात कोपराच्या जुनाट दुखण्याच्या १६५ रुग्णांवर झालेला प्रयोग डोळे उघडणारा आहे. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचं दुखणं परतलं. औषध नसलेलं, नुसत्या नावाचं इंजेक्शन घेतलेल्यांत १२ टक्के लोकांचं. दुखणं दबलं म्हणून माणूस लगेच पूर्ण कामाला लागतो, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं. स्वीडनच्या त्या खांद्याच्या प्रयोगात दोन्ही गटांना सुरुवातीला इंजेक्शन दिलेलंच होतं. नंतरचा फरक पाडला तो व्यायामाने.

## इथे थांबा, आधी डॉक्टर

काम सुरू करण्याआधी ही खात्री करून घ्या. घरातल्या कुणाला तुमचा हात हळूच वर उचलायला सांगा, तुम्ही जोर लावू नका. दुसऱ्याने उचलूनही हात अडतो, आणि कोपर अंगाला लावून पंजा बाहेरच्या बाजूला वळत नाही, तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. तिथे सांध्याभोवतालचं आवरणच आकसलेलं असतं आणि ओढाताण केली तर चिडतं. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होतं, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मधल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. खांदा असा आखडला असेल तर साखर तपासून घ्या.

बोटांपर्यंत मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असेल, तर मूळ मानेत असू शकतं. पडल्यानंतर हात उचलताच येत नाही, ताप आहे, वजन उतरतंय, कूस कुठलीही घेतली तरी रात्रभर सारखाच ठणका, यांपैकी काहीही असेल तर घरगुती प्रयोग नकोत. आणि डाव्या खांद्यात, दंडात कळ येतेय, छाती भरून येतेय, घाम सुटलाय, तर खांद्याचा विचार सोडून तडक दवाखाना गाठायचा.

## किती दिवस?

बारा आठवडे प्रामाणिकपणे केल्याशिवाय निकाल लावू नये. टेंडनची डागडुजी त्यापुढेही कित्येक महिने चालू असते. मला चौथ्या आठवड्यात वाटलं होतं की काहीच फरक नाही. सहाव्यात उजव्या कुशीवर झोप लागली आणि सकाळी उठेपर्यंत ते लक्षातही आलं नाही. तोवर दुसऱ्या कुशीवर, दुखरा हात उशीवर ठेवून झोपायचे. नवव्या आठवड्यात पोटदुखी झाली आणि आठ दिवस सगळं बंद पडलं. परत सुरू केलं तेव्हा दोन पायऱ्या खाली उतरून केलं.

गणपतीला पुन्हा कुडाळला गेले तेव्हा विहीर काठोकाठ भरली होती, दोर जेमतेम दोन हात सोडावा लागत होता. पूर्ण कळशी भरली, दहा वेळा ओढली. रात्री आत्याने माझा तळवा दिव्याखाली धरून अनामिकेच्या बुडाशी अंगठा फिरवला. तिथली कातडी जाड, कोरडी झाली होती.